सत्तर पानांचा पुडा

पहाटे ३.४५

मे २०२५. गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, तालुक्यापासून बरंच आत. गावाचं आणि तिचं नाव छापायचं नाही, एवढीच तिची अट. बाकी जे दिसेल ते लिहा म्हणाली.

अंगणात बाज आहे. ती खाली चटईवर झोपते. गजर लावलेला नाही. उठली, चादरीची घडी घातली, घडीची गुंडाळी केली, दोरीने आवळून बांधली. वहिनी अजून कूस बदलतेय.

दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, या वेळेला शिट्टी वाजायची. पंधरा मिनिटांत झिल्ली गुंडाळायची. झिल्ली म्हणजे प्लास्टिकचा कागद. तीच खाली अंथरायची, पावसात तीच डोक्यावर बांधायची. मग पिट्टू पाठीवर, हजेरी, चुलीची राख पसरून वर पाला. उजाडल्यावर कुणी आलं तर इथं वीस माणसं झोपली होती हे कळता कामा नये.

सतराव्या वर्षी गेली, एकोणीस वर्षं राहिली. आधी साधी सदस्य, मग दलमची कमांडर, मग एरिया कमिटीत. डोक्यावर सहा लाखांचं बक्षीस होतं. २०१६ मध्ये बंदूक खाली ठेवली. आता पंचेचाळिशीला आलीय. एरवी गडचिरोली शहरात राहते. आत्मसमर्पण केलेल्यांसाठी तिथं नवजीवन वसाहत आहे. पहिली काही वर्षं तिला गावी येताच आलं नाही. आता तेंदूच्या हंगामाला येते, भावाच्या घरी, पंधरा-वीस दिवस.

पहाटे ४.१५

वहिनीने चूल पेटवली. कोरा चहा, साखर जास्त. दूध गावात मिळतं, पण चहात घालायची पद्धत नाही. रात्रीची पेज दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरली. दुसऱ्या बाटलीत पाणी. मीठ, मिरची, कांदा पुडीत. दोन जुन्या साड्या, पानं बांधायला. पायात रबरी चप्पल, आठवडी बाजारातली, एकशेवीस रुपयांची. एका हंगामात एक जोड संपतो.

निघणाऱ्या तिघी: ती, वहिनी आणि सतरा वर्षांची भाची. तिची स्वतःची मुलगी सात वर्षांची, सुट्टीला मामाकडे आलेली. ती झोपलीय. तिला उठवायचं नाही.

मुलगी तशी उशिराची. दलममध्ये लग्नाला परवानगी लागायची. परवानगी मिळाली की आधी नवऱ्याची नसबंदी. मूल घेऊन चालता येत नाही, हे त्यामागचं कारण. बाहेर आल्यावर नवऱ्याने नस जोडून घ्यायचं ऑपरेशन केलं. मग ही झाली. नवरा शहरात एका गेटवर रखवालदार आहे, बारा तासांची पाळी.

पहाटे ४.४५

वाट जंगलाला लागते. बरोबर आणखी आठ-दहा बायका. सगळ्या मोठ्याने बोलतायत. एक जण मुद्दाम हाळी देते, पुढची ओ देते. अस्वल असतं, वाघही असतो. १० मे २०२५ ला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, पानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाने एकाच दिवशी मारल्या. त्या दिवसापासून इथंही एकटं कुणी जात नाही. आवाज करत जायचं.

तिला हे जड जातं. एकोणीस वर्षं ती याच झाडीतून तोंड मिटून चालली. बोलायचं ते कानाशी. खोकला आला तर तोंडावर फडकं. रात्रीच्या चालीत बॅटरीवर बोटं धरायची, बोटांच्या फटीतून जेवढा उजेड पडेल तेवढाच. अजूनही तिची हाळी सगळ्यांत बारीक येते. बायका हसतात. "दीदी, वाघाला कळू दे, पोलिसाला नाही!" तीही हसते, आणि जरा मोठ्याने ओरडते.

वाटेत एक फाटा येतो. वहिनी आणि बाकीच्या सरळ जातात, एका घराच्या कुंपणाला लागून. ती बांधावरून वळसा घेते आणि पुढे येऊन मिळते. मी विचारत नाही. ती थोड्या वेळाने आपणहून सांगते. त्या घरातला माणूस खबऱ्या म्हणून मारला होता.

"माझ्या दलमनं नाही," ती म्हणते. दहा-बारा पावलं गेल्यावर पुढचं वाक्य. "पण चिठ्ठी आली होती, ती मी वाचली होती."

सकाळी ५.१५

पान तोडायला एवढा उजेड पुरे. तेंदूचं मोठं झाड कामाचं नाही. त्याची पानं जाड. हंगामाआधी झुडपं छाटतात, त्यांना नवा फुटवा येतो, कमरेएवढा. त्याचं पान पाहिजे. तांबूस, कोवळं असेल तर वाळल्यावर चुरा होतो. जून झालेलं विडीला वळत नाही. भोक नको, डाग नको, दव फार नको. तळव्याएवढं, हिरवं, मऊ.

कमरेत वाकायचं, देठाशी अंगठ्याचं नख, झटका. एक पान, दुसरं पान. डाव्या हातात चवड वाढते. हातात मावेनाशी झाली की ओच्यात. ओचा भरला की साडीवर ओतायचं. नखाच्या कडा काळ्या पडतात. तेंदूचा डाग निघत नाही. लिंबू चोळतात, राख चोळतात. हंगाम संपल्यावर आठवड्याने आपोआप जातो.

ती दोन्ही हातांनी तोडते. भाचीपेक्षा वेग कमी, पण तिची पानं कमी बाद होतात. वाकून सरळ होताना उजवा हात कमरेवर जातो. पिट्टूचं दुखणं. पिट्टूत काय असायचं? एक जास्तीचा ड्रेस, झिल्ली, चादर, साबण, तेल, वही, सेल, औषधं, वाट्याला आलेले तांदूळ, गोळ्या. वीस किलोला सहज जायचं. वर बंदूक, चार किलोच्या आसपास. बाई म्हणून वजन कमी मिळत नसे. स्वयंपाक, पाणी, लाकूड, पहाऱ्याची पाळी, यांत बाई-पुरुष सगळे लागायचे. तिला हे आधी आवडलं होतं. घरी भाऊ कधी चुलीपाशी बसलेला तिने पाहिला नव्हता.

पाळीच्या दिवसांचं विचारलं तर ती भाचीकडे बघते. भाची लांब आहे. "कपडा असायचा. धुवायला पाणी मिळालं तर मिळालं. वाळवायचा कुठं? पिट्टूवर टाकता येत नाही, लांबून दिसतो. ओलाच परत घ्यायचा." एक चवड साडीवर टाकून पुढच्या झुडपाकडे जाते.

सकाळी ७.३०

ऊन चढलं. पहिली साडी भरत आली. पाच मिनिटं बसायचं. पेजेची बाटली फिरते. तेंदूच्या झाडावरची पिकली टेंभरं भाचीने आणलीत. गोड, जराशी तुरट, बिया मोठ्या.

बायकांचं बोलणं दराचं चाललंय. शंभर पुड्यांना साडेतीनशे. पलीकडच्या गावाला जास्त मिळतो म्हणे. तिथल्या ग्रामसभेने दोन ठेकेदार बोलावले होते, यांच्याकडे एकच आला.

दराची गोष्ट या जंगलात जुनी आहे. १९८० मध्ये तेलंगणातून पहिली दलमं सिरोंचा भागात उतरली, तेव्हा लोकांशी त्यांचं बोलणं सुरू झालं ते तेंदूच्या पानावरून आणि कागद कारखान्याला जाणाऱ्या बांबूवरून. पुड्याला मोजके पैसे मिळायचे. ठेकेदाराचा माणूस मोजेल तो आकडा. मग तोडाई बंद पडली, दर वाढले. पुढे तेच ठेकेदार दलमलाही पैसे देऊ लागले. कोणत्या फळीमागे, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागेमागे, किती, हेही ठरलेलं.

"दर आम्ही वाढवला, हे खरं," ती म्हणते. "ठेकेदाराकडून आम्ही घेतलं, तेही खरं. तो काय खिशातून देणार? पुड्यातूनच काढणार."

वहिनी म्हणते, "तेव्हा विचारलं असतं तर?"

"तेव्हा तू विचारलं असतंस?"

वहिनी बाटलीचं बूच लावते. दोघी उठतात.

सकाळी ९.००

दुसरी साडी भरली. पानं दाबायची नाहीत, मोडतात. चारी टोकं उचलून सैल गाठ. डोक्यावर चुंबळ, वर गाठोडं. पानं दिसायला हलकी, पण ताजी असतात, पाण्याने भरलेली. भाचीच्या डोक्यावर लहान, वहिनीच्या डोक्यावर मोठं. तिचं वहिनीएवढंच.

वाट तासाभराची. बोलणं बंद. पायाखाली पाचोळा तापलाय.

या भागात पूर्वी गाडी यायची नाही. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी याच जिल्ह्यात गर्देवाडा भागातून अहेरीला जाणारी पहिली एसटी सुरू केली. त्याच दिवशी गडचिरोलीत पोलीस मुख्यालयात अकरा जणांनी आत्मसमर्पण केलं. त्यात आठ बायका. त्यांतलं मोठं नाव तारक्काचं. मूळ नाव विमला सिडाम, दंडकारण्य विशेष झोनल कमिटीची सदस्य, दवाखान्याच्या पथकाची प्रमुख. १९८० च्या दशकात जंगलात गेलेली बाई इतक्या वर्षांनी बाहेर आली. नऊ महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, तिचा नवरा भूपती साठ जणांना घेऊन त्याच मुख्यालयात येणार होता. मे महिन्यात ते कुणाला माहीत नव्हतं.

जानेवारीतला तो कार्यक्रम तिने फोनवर पाहिला. "तारक्काचे केस पांढरे झालेत," एवढंच म्हणाली.

सकाळी १०.१५

अंगणात मांडव, वर जांभळाच्या डहाळ्या. गाठोडी सोडली. मुलगी उठून मामाबरोबर विहिरीवरून पाणी घेऊन आलीय. तिघींनी तोंड धुतलं, पोटभर पाणी प्यायलं, आणि लगेच बांधायला बसल्या. पान सुकलं की मोडतं.

एका पुड्यात सत्तर पानं. शंभर पुड्यांचा शेकडा, हजार पुड्यांचं एक गोणं. म्हणजे गोण्यात सत्तर हजार पानं. शेजारच्या छत्तीसगडात पन्नासचा पुडा.

ती मोजताना ओठ हलवत नाही. पाच-पाच पानं अंगठ्याने सारते, सात वेळा. पस्तीस झाली की तोंड फिरवते, वर आणखी पस्तीस. देठ एकीकडे, कडा जुळलेल्या. मग सालीचा वाख दोन वेळा गुंडाळून गाठ. गाठ घट्ट असली तर पान कापतं, सैल असली तर फळीवर पुडा सुटतो. एका पुड्याला मिनिटभर. भाचीला दीड.

शाळा तिची तिसरीपर्यंत. वाचायला-लिहायला दलममध्ये शिकली, हिंदी आणि देवनागरीतली गोंडी. मग कमांडर झाल्यावर हिशोब आला. किती तांदूळ, किती साबण, किती सेल, कोणाकडे किती गोळ्या. महिन्याचा हिशोब वर द्यायचा. साबणाची एक वडी जास्त गेली तरी बैठकीत विचारायचे.

"आणि पगार?"

"कसला पगार? वर्षाला कपडे, साबण, तेल, चप्पल. आजारी पडलं तर गोळ्या. पैसा हातात नाही. एकोणीस वर्षं मी दुकानातून काही विकत घेतलं नाही, ताई. बाहेर आल्यावर पहिल्यांदा गडचिरोलीत कंगवा घेतला. दुकानदाराने वीस सांगितले, मी वीस दिले. पुढची बाई पंधराला घेऊन गेली."

दुपारी १२.००

ऊन पांढरं झालंय. पारा त्रेचाळीस. शेळ्या भिंतीच्या सावलीत.

ती उलटं विचारते. "तुमच्याकडे बाईला रोज किती?"

मी दौंड तालुक्यातल्या यवतची. सांगते. खुरपायला तीनशे-साडेतीनशे. कांदा काढायला उक्तं घेतलं तर जास्त पडतात. उसाच्या तोडीला बाहेरगावच्या टोळ्या येतात, त्यांना कोयत्यामागे उचल आधीच मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता.

"म्हणजे बाईचं वेगळं मोजत नाहीत?"

"नाही. कोयत्याचं मोजतात."

ती पुडा बांधता बांधता थांबते. "आणि तुमच्याकडे जंगल नाही."

"डोंगर आहे. भुलेश्वरचा. जंगल नाही."

"मग दलम कशाला येईल," ती म्हणते, आणि वाख दाताने तोडते.

इथं पानांचा हंगाम संपला की काम थोडं. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, काम निघालं तर. जानेवारीत बऱ्याच बायका मिरची तोडायला तेलंगणात जातात. मजुरी कधी पैशात, कधी मिरचीत. लाडक्या बहिणीचे दीड हजार तिच्या खात्यावर येतात. समर्पणाची रक्कम मिळाली, ती थोडी बँकेत अडकवली, थोडी ऑपरेशनला आणि भावाच्या पत्र्यांना गेली. वसाहतीतल्या काही जणी फरशी पुसायचं फिनाईल तयार करतात, वर्ध्याच्या ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत शिकून आल्यात. हीही गेली होती, वासाने डोकं दुखलं. शिवणकाम जमलं नाही, सुईत दोरा ओवताना दिसत नाही. गणित जमतं. पण गणिताला काम कोण देतं?

दुपारी १.३०

जेवण. भात, तुरीचं वरण, वाळलेल्या जवळ्याची चटणी. ती ताटलीवर वाकून, पाच मिनिटांत संपवते. मुलगी एक घास चिमणीसारखा चघळतेय. मामी ओरडते. ती ओरडत नाही.

भाची फोनवर काहीतरी बघतेय. आत्याचे जुने फोटो एकदा बातमीत आले होते, तिने जपून ठेवलेत. हिरवा ड्रेस, टोपी. "आत्या, तुझ्यावर सहा लाख होते ना? म्हणजे किती पुडे?"

आत्या भिंतीला टेकून डोळे मिटते. "एक लाख एकाहत्तर हजार, आणि वर चारशे. तू तोड, मी बांधते."

सगळे हसतात. पुढचं तीही सांगत नाही, मीही विचारत नाही. याच जिल्ह्यात जांभुळखेड्याला १ मे २०१९ रोजी माओवाद्यांच्या सुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांचा गाडीवाला गेला. ती त्याआधी तीन वर्षं बाहेर पडलेली. पण भावाच्या शेजारच्या गावातला एक पोरगा पोलिसात आहे, आणि त्याची आई रोज हिच्यासोबत पानं तोडायला असते. त्या दिवशी त्याच्या आईने दुपारपर्यंत चूल पेटवली नव्हती, एवढंच ती सांगते. नंतर कळलं, पोरगा सुट्टीवर होता.

दुपारी ३.००

पुन्हा बांधणं. भाची पेंगते. मुलगी पुडे दहा-दहाच्या ओळीत लावते, एक ओळ चुकवते, आई न बघता सांगते, "नऊ आहेत."

तिला थंडी वाजल्यासारखं होतं, मग जातं. हिवताप अंगात मुरलेला. जंगलात गोळ्या असायच्या, पण चालायचं थांबत नसे. अनुराधा गांधींचं नाव तिने दलमच्या वर्गात ऐकलं होतं. मुंबईत वाढलेली, नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारी बाई. भंडाऱ्याच्या विडी कामगारांत, खापरखेड्याच्या बांधकाम मजुरांत काम करून नव्वदच्या दशकात बस्तरच्या जंगलात गेली. पुढे माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीत पोचली. १२ एप्रिल २००८ ला मेंदूच्या हिवतापाने गेली.

"आमच्यात हिवतापाने गेलेले मोजले नाहीत कधी," ती म्हणते. "गोळीने गेलेल्याचं स्मारक होतं. लाल रंगाचं. तापाने गेलेल्याला झिल्लीत गुंडाळायचं."

भंडाऱ्याची विडी याच पानाची वळली जाते. ते मी तिला सांगत नाही. तिला माहीत असणार.

दुपारी ४.१५

मोजणी. तिघींचे मिळून १८० पुडे. टोपल्यांत आडवे भरले, वर ओलं फडकं. पुन्हा डोक्यावर.

फळी गावाबाहेर, पडीक रानात. जमीन झाडून साफ केलेली. पुड्यांच्या ओळी ऊन खात पडल्यात, शंभर-शंभरच्या. काही दिवसांनी उलटतात, वाळले की पाणी शिंपडून बोदात भरतात आणि ट्रक येतो. फळीवर ठेकेदाराचा मुन्शी, पंचवीस-सव्वीसचा, बाहेरचा. त्याच्याजवळ वही, पेन, प्लास्टिकची खुर्ची. एक म्हातारा मदतनीस, इथलाच.

बायका रांगेने आपले पुडे मांडतात. बांधावरच्या घरातली बाईही आहे, त्या मारल्या गेलेल्या माणसाची बायको. ती दोन ओळी सोडून बसते.

संध्याकाळी ५.००

मुन्शी काठीच्या टोकाने ओळी मोजत येतो. आमच्यापाशी थांबतो. एक पुडा उचलतो, टाकतो. आणखी पाच बाजूला सारतो. "एकशे चौऱ्याहत्तर. सहा बाद." आणि वहीत लिहायला लागतो. शेकड्यामागे दोन पुडे वर द्यायचे असतात, ते तो बोलतही नाही. इतर बायकांचे त्याने तसेच धरलेत.

"भाऊ, सहा कशाने बाद?" ती विचारते. आवाज साधा.

"खराब आहेत."

"दाखवा."

म्हातारा मदतनीस पुढे येतो. त्याने तिला ओळखलंय. मुन्शीच्या कानाशी काहीतरी बोलतो. मुन्शीचा चेहरा बदलतो. पेन थांबतं. "असू दे, असू दे, सगळे घेतो. एकशे ऐंशी लिहितो."

ती खाली बसते. बाद केलेले सहा पुडे पुढ्यात घेते. "लिहू नका. मोजा."

"अहो घेतले ना—"

"तसे नको. मोजून."

ती पहिला पुडा सोडते. पानं पसरते, पाच-पाच, चौदा वेळा. सत्तर. भोक नाही. परत बांधते. दुसरा. सत्तर. तिसऱ्यात तीन पानं फाटकी, चौथ्याला डाग. तो स्वतः बाजूला ठेवते. चौथा ठीक, पाचवा ठीक. सहाव्याची पानं कोवळी, तांबूस. भाचीकडे बघते. भाची मान खाली घालते. तोही बाजूला.

"दोन बाद, बरोबर. एकशे अठ्ठ्याहत्तर. आणि शेकड्यामागे दोन वरचे, ते ग्रामसभेच्या ठरावात कुठं आहेत? दाखवा, देते."

ठरावात नाहीत. मुन्शी १७८ लिहितो. कार्डावरही लिहून सही करतो. सहाशे तेवीस रुपये. तिघींचे. माणशी दोनशे सातला काही पैसे वर.

दोन ओळी सोडून आवाज येतो. बांधावरच्या घरातली बाई. तिच्याकडे न बघता, मुन्शीला म्हणते, "माझेही परत मोज."

मग आणखी एक जण. मग सगळ्याच. मुन्शी खुर्ची उचलून पहिल्या ओळीपाशी नेतो.

संध्याकाळी ६.३०

मोजणी संपायला अंधार पडत आला. येताना मी विचारते, म्हातारा काय म्हणाला असेल.

"जे म्हणायचं तेच. ही कोण आहे माहितीये का." ती रिकामी टोपली काखेत सरकवते. "भिऊन दिलेले पुडे उद्या दुसरीच्या नावावर कापतो, ताई. मी बघितलंय ते. तेव्हा आम्ही भिववत होतो, आकडा तो लिहीत होता. आम्हाला वाटायचं काम झालं."

बांधापाशी येऊन ती पुन्हा वळसा घेते.

रात्री ८.००

जेवण झालं. वीज आहे, मधून मधून. मुलगी मांडीवर झोपलीय. पूर्वी या वेळेला रेडिओ लावायचा, बीबीसीची हिंदी बातमी, आवाज बारीक, सगळे गोल बसून. ती शॉर्टवेव्हची सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, हे तिला माझ्याकडून कळलं. "अच्छा," म्हणाली.

जूनमध्ये सत्र न्यायालयात तारीख आहे. समर्पण केलं तरी गुन्हे उभे असतात, एकेक करून चालतात. वसाहतीतून कोर्ट जवळ. गावाकडून जायचं तर एसटी, बायकांना अर्धं तिकीट. वकील सरकारी. नाश्त्याचे चाळीस रुपये आणि पूर्ण दिवस जातो.

अंगणात चार-पाच बायका येऊन बसल्यात. दोन दिवसांनी ग्रामसभा. गेल्या वर्षीच्या पानांचा बोनस अजून आलेला नाही. कोणी म्हणतं ठेकेदाराने दिला नाही, कोणी म्हणतं आला पण वाटला नाही. २००९ मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला जंगलाचा हक्क मिळाला, तेव्हापासून जिल्ह्यात गावोगाव ग्रामसभा स्वतः पानं विकायला शिकल्या. हिशोब ठेवायला अजून सगळ्या शिकल्या नाहीत.

"दीदी, तू बोल सभेत," एक जण म्हणते.

"मी बोलणार नाही. माझं मत या गावात नाही, नाव शहरात आहे. तुम्ही बोला. मी वही वाचून देते."

"तू समोर बसलीस तरी—"

"म्हणूनच मागे बसणार."

ग्रामसभेची वही कुणीतरी लुगड्यात गुंडाळून आणलीय. ती बॅटरीच्या उजेडात पानं उलटते. बोटाने ओळीखाली रेघ ओढल्यासारखं करत जाते. कुणाचे किती पुडे, किती रक्कम, अंगठा. एका पानावर एकाच शाईचे, एकसारखे सात अंगठे आहेत. तिथं ती काडी घालून ठेवते.

रात्री ९.१५

बायका गेल्या. उद्या सकाळी मी तालुक्याला जाणार, तिथून पुढे. ती वहीतली बारा पानं मोजून दाखवते. "एवढ्यांचं झेरॉक्स काढून परत पाठवा. एसटीच्या कंडक्टरकडे द्या, तो फाट्यावर देतो."

मी हो म्हणते. ती कमरेची पिशवी सोडते. दोन दहाच्या नोटा, दोन दोनाची नाणी.

"पानाला दोन रुपये. चोवीस."

"राहू द्या हो, चोवीस रुपयांचं काय."

"ठेवा. खर्चात लिहायचेत. आणि पावती आणा."

पैसे माझ्या हातात ठेवून ती चटई अंथरायला लागते. पावणेचारला उठायचंय. पान अजून आठ-दहा दिवस टिकेल, पाऊस लवकर आला नाही तर.

सकाळी तालुक्याला झेरॉक्सवाल्याने दीडच रुपया लावला. पावती अठराची झाली. सहा रुपये आणि बारा पानं एका पाकिटात घालून मी कंडक्टरकडे दिली, वर पावती टाचून.